उत्तरायुष्यातील कलारंभ : आधीच्या कामाने घडवलेला हात

चित्रकार किंवा शिल्पकार लहानपणीच घडावा लागतो, ही समजूत आपल्याकडे इतकी खोलवर रुजली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. महाराष्ट्रात तिला शालेय व्यवस्थेचाही आधार मिळाला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळकरी वयात दिल्या जातात, त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा ठरलेल्या विषयांत हात कितपत बसला आहे हे पाहिले जाते, आणि ज्यांचा हात त्या वयात बसला नाही त्यांची ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ अशी खूणगाठ पुढे आयुष्यभर पक्की राहते. नोकरी, व्यवसाय आणि संसार यांत तीस-चाळीस वर्षे गेल्यानंतर एखाद्याने पुन्हा कुंचला किंवा माती हाती घेतली, तर घरचे लोक त्याकडे वेळ घालवण्याचे साधन म्हणून कौतुकाने पाहतात. त्या कामाला कला म्हणून तपासावे असे फारसे कोणाला वाटत नाही.

कलेच्या इतिहासात मात्र उत्तरायुष्यात आरंभ केलेल्या कलावंतांची एक ठळक परंपरा आहे आणि तिच्याकडे अपवादांची यादी म्हणून पाहिल्यास तिच्यातील महत्त्वाची गोष्ट निसटते. येथे ‘उशिरा’ हा शब्द केवळ वयापुरता घेतलेला नाही. दुसऱ्या एखाद्या कामात हात, डोळा आणि सवयी पक्क्या झाल्यानंतर, रीतसर कलाशिक्षणाच्या बाहेरून केलेली सुरुवात, असा त्याचा अर्थ आहे. असे कलावंत कोऱ्या पाटीने येत नाहीत. आधीच्या कामाने त्यांच्या हाताला लावलेले वळण, त्या कामातून अंगवळणी पडलेले साहित्य आणि त्यातून आलेला धीर, हीच त्यांची खरी शाळा असते. रवींद्रनाथ ठाकूर, जगदंबा देवी, ज्याँ द्यूब्यूफे आणि नेकचंद या एकमेकांपासून अत्यंत दूर असलेल्या व्यक्तींचे काम शेजारी ठेवून पाहिले, तर हे सूत्र स्पष्ट होते.

खोडलेल्या शब्दांतून

रवींद्रनाथांच्या (१८६१–१९४१) घरात चित्रकलेला तोटा नव्हता. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे त्यांचे चुलत पुतणे आधुनिक भारतीय चित्रकलेचे आधारस्तंभ होते, आणि १९१९ मध्ये शांतिनिकेतनात सुरू झालेल्या कलाभवनाची धुरा पुढे नंदलाल बसूंनी वाहिली. स्वतः रवींद्रनाथांनाही चित्रे काढण्याची ओढ तरुणपणापासून होती, पण ती सफल होत नव्हती. १९०० मध्ये शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या चित्रवहीचा उल्लेख केला आहे आणि तिच्यावर पेन्सिलीपेक्षा रबरच अधिक चालते, अशा आशयाची कबुली दिली आहे. तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. समोरच्या वस्तूसारखी रेषा कागदावर उतरावी ही त्यांची अपेक्षा होती, ती पुरी होत नव्हती आणि काढलेले पुसण्यातच वेळ जात होता.

त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने जे घडले त्याचे बीज नेमके या पुसण्यातच होते. कवितेच्या हस्तलिखितात शब्द बदलताना जुना शब्द खोडावा लागतो आणि पानावर काळे, विद्रूप डाग उरतात. लेखनात नीटनेटकेपणा जपणाऱ्या रवींद्रनाथांना हे डाग खटकत, म्हणून ते खोडलेल्या ओळींना रेषांनी एकमेकींशी जोडू लागले. १९२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात आजारी पडल्यामुळे त्यांना अर्जेंटिनात ब्वेनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रो येथे मुक्काम करावा लागला, व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांची तेथे व्यवस्था केली, आणि त्या काळातल्या ‘पूरबी’ या संग्रहाच्या वहीत ही सवय बहराला आली.

त्या वहीचे एखादे पान लक्षपूर्वक पाहिले की या प्रक्रियेची पायरी न् पायरी उलगडते. खोडलेला शब्द प्रथम आडव्या रेघांनी झाकला जातो आणि त्याचा एक जाड पट्टा तयार होतो. वरच्या ओळीतला दुसरा खोडलेला पट्टा त्याला बाकदार रेषेने जोडला जातो. दोहोंमधली मोकळी जागा शाईने भरली की एक गोलाई येते. तिच्या टोकाला चोच फुटते किंवा मागे शेपटी निघते, आणि जे शब्द कवीने ठेवले आहेत ते या काळ्या आकृतीच्या पोटात पांढऱ्या बेटांसारखे वाचता येतात. आकृती कोणती होणार हे आधी ठरलेले नसते. ओळींची लांबी, छंदाने ठरवलेले अंतर आणि खोडण्याच्या जागा यांनी तिचा सांगाडा आधीच आखून दिलेला असतो. आकारांची लय रवींद्रनाथांना आयुष्यभराच्या छंदरचनेने शिकवली होती, हे विधान म्हणूनच निव्वळ अलंकारिक ठरत नाही. या पानांवर ते डोळ्यांना दिसते.

१९२८ च्या सुमारास चित्रे हस्तलिखितातून बाहेर पडली आणि स्वतंत्र कागदावर उतरू लागली. साधने मात्र लेखकाचीच राहिली. रंगीत शाया, लेखणीचे टोक, चिंधी आणि बोटे यांचा ते मुक्तपणे वापर करत आणि बहुधा एका बैठकीत चित्र संपवत. कोणत्याही ज्ञात जातीचे नसलेले प्राणी, मुखवट्यासारखे चेहरे, लांबट चेहऱ्याच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रिया, मावळतीच्या पिवळ्या उजेडापुढे काळी पडलेली झाडे, असे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. ज्याने आयुष्यभर शब्दांचा व्यवहार केला, त्याने चित्रांना शब्दांपासून मोकळे ठेवले. तांबड्या आणि हिरव्या रंगांतला भेद त्यांना पुरता जाणवत नसावा, अशी मांडणी केतकी कुशारी डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आहे, आणि ती ग्राह्य धरली तर त्यांच्या रंगयोजनेतील काही वैशिष्ट्यांचा उलगडा होतो.

मे १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा रवींद्रनाथांचे ६९वे वर्ष सरत आले होते. प्रदर्शनाची जुळवाजुळव ओकाम्पो यांनीच केली होती. त्याच वर्षी ही चित्रे इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, रशिया आणि अमेरिका येथे दाखवली गेली. मृत्यूपर्यंतच्या जेमतेम तेरा-चौदा वर्षांत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली, आणि आज भारतीय कायद्यानुसार राष्ट्रीय कलानिधी मानल्या गेलेल्या मोजक्या चित्रकारांमध्ये त्यांचा समावेश होतो. १९०० मध्ये जे रबर अपयशाची खूण होते, त्याच पुसण्याच्या क्रियेतून चोवीस वर्षांनी त्यांची चित्रभाषा जन्मली. मधल्या काळात त्यांनी चित्रकला शिकली नव्हती. त्यांनी समोरच्या वस्तूशी साम्य साधण्याचा हट्ट सोडला आणि ज्या कामात हात खरोखर तयार होता, त्या कामातूनच चित्राची वाट काढली.

भिंतीवरून कागदावर

रवींद्रनाथांचे उदाहरण मोठे असले तरी ते फार सोयीचे आहे, असा आक्षेप रास्त ठरेल, कारण त्यांच्यामागे जागतिक कीर्ती होती आणि त्यांच्या चित्रांसाठी दारे उघडायला लोक तत्पर होते. म्हणून याच सूत्राची दुसरी बाजू मिथिलेत पाहणे आवश्यक आहे. बिहारच्या या भागात लग्नघरातील ‘कोहबर’, म्हणजे नवदांपत्याची खोली, तिच्या भिंतींवर कमळ, बांबू, मासे आणि देवदेवता यांची चित्रे स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या काढत आल्या आहेत. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली तेव्हा मधुबनीचे तत्कालीन ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर यांना या भिंती दिसल्या, आणि त्यांवरचा त्यांचा लेख पुढे १९४९ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही चित्रे काढणाऱ्या स्त्रिया अनामच राहिल्या, कारण भिंत विकता येत नव्हती आणि लग्नाचा हंगाम सरला की चित्र सारवणाखाली जात होते.

१९६६-६७ च्या भीषण दुष्काळात या स्त्रियांच्या हाताला काम मिळावे म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवले. गावोगाव फिरून त्यांनी स्त्रियांना कागद दिला आणि भिंतीवर जे काढता तेच यावर काढा, असा आग्रह धरला. जितवारपूरच्या जगदंबा देवी यांचा जन्म १९०१ चा. म्हणजे कागदावरच्या त्यांच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा त्या पासष्टीच्या आसपास होत्या. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साठी उलटल्यावर ‘चित्रकार’ ही ओळख प्रथमच मिळालेल्या या स्त्रीचा हात मात्र तोपर्यंत कित्येक दशकांचा तयार होता. जन्मभर केलेल्या कामाला फक्त टिकणारा पृष्ठभाग आणि खाली सही करण्याची जागा हवी होती. हेच भास्कर कुलकर्णी पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांवरही गेले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे काम जगापुढे येण्यात त्यांचा वाटा राहिला, ही महाराष्ट्राच्या कलाजीवनातली पुरेशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे.

एका साधनातून दुसऱ्या साधनात असे स्थलांतर अन्यत्रही झालेले दिसते. अमेरिकेतील शेतकरी स्त्री ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस, ज्या ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने ओळखल्या जातात, लोकरीच्या धाग्याने भरतकाम करून निसर्गदृश्ये रचत असत आणि संधिवातामुळे सुई धरणे अवघड झाले तेव्हा सत्तरीनंतर त्या तैलरंगांकडे वळल्या. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील आदिवासी कलावंत एमिली कामे क्ङ्वारेये यांनी विधींच्या प्रसंगी स्त्रियांची अंगे रंगवण्याचे काम जन्मभर केले होते, १९७० च्या दशकात त्या मेण आणि रंग वापरून कापड रंगवण्याची बाटिक पद्धत शिकल्या, आणि १९८८ च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांच्या हाती ॲक्रिलिक रंग आणि कॅनव्हास आला. १९९६ मध्ये निधन होईपर्यंतच्या सुमारे आठ वर्षांत त्यांनी काढलेल्या चित्रांची संख्या तीन हजारांच्या घरात सांगितली जाते. इतका वेग नवशिक्याच्या हाताला साधत नाही.

शिल्पातील अडचण : बळ आणि साहित्य

चित्राला लागणारी साधने हलकी असतात. शिल्पाचे तसे नाही. शिल्प घडवण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत दगड किंवा लाकूड यांसारख्या घन पदार्थातून नको असलेला भाग काढून टाकत आकार मोकळा केला जातो, तिला कोरीव पद्धत म्हणता येईल. दुसरीत माती, मेण, प्लास्टर किंवा सिमेंट सांगाड्यावर चढवत आकार वाढवला जातो, ती घडीव पद्धत होय. पहिलीत छिन्नी-हातोड्याचे वर्षानुवर्षांचे श्रम असतात आणि चुकीला क्षमा नसते. दुसरीत चूक दुरुस्त करता येते, पण वजन, ओतकाम आणि जागा यांचे प्रश्न उरतात. उतारवयात शिल्पाकडे वळणाऱ्याला म्हणून प्रथम आपल्या बळाचा हिशेब मांडावा लागतो, आणि निरनिराळ्या कलावंतांनी तो निरनिराळ्या रीतीने सोडवला आहे.

फ्रेंच चित्रकार ऑगस्त रेनुआ यांनी सत्तरीनंतर, १९१३ पासून, शिल्पांचे काम मनावर घेतले तेव्हा संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. आंब्रवाझ व्होलार या कलाव्यापाऱ्याने रिचर्ड गिनो हा तरुण शिल्पकार त्यांच्याकडे पाठवला. रेनुआंच्या चित्रांवरून आणि सूचनांवरून गिनो माती घडवत असत. या सहकार्यातून घडलेल्या शिल्पांचा कर्ता कोण, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच न्यायालयांनी गिनो यांना सहकर्ते म्हणून मान्यता दिली. दुसऱ्याच्या हातांनी घडवलेल्या शिल्पात त्या हातांचेही श्रेय असते, हे या निकालाने अधोरेखित केले आणि ते न्याय्यच होते.

ज्याँ द्यूब्यूफे (१९०१–१९८५) यांनी वेगळा मार्ग निवडला. तरुणपणी पॅरिसच्या अकादमी ज्युलियांमध्ये सहा महिने काढून त्यांनी शिक्षण सोडले, घराण्याचा वाइनचा व्यापार सांभाळला, मध्ये एकदा पुन्हा चित्रे काढून पाहिली, आणि १९४२ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, व्यापार दूर ठेवून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. रंगात वाळू, खडी आणि डांबर मिसळून त्यांनी चित्राचा पृष्ठभागच खडबडीत भिंतीसारखा केला. १९६२ मध्ये फोनवर बोलता बोलता बॉलपेनने केलेल्या रेघोट्यांतून ‘उर्लूप’ नावाची त्यांची प्रदीर्घ चित्रमालिका निघाली. बेसावध लेखणीने काढलेल्या रेघांतून आकार शोधण्याची ही रीत रवींद्रनाथांच्या वहीची आठवण करून देते. याच मालिकेतील आकार पुढे शिल्प झाले. त्यासाठी द्यूब्यूफे यांनी पॉलिस्टायरीनचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला थर्माकोल म्हणतात त्या पदार्थाचा, उपयोग केला. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल तापलेल्या तारेने कापताना पाहिलेल्या मराठी वाचकाला हे तंत्र सहज समजेल : तार फिरेल तसा ठोकळा कापला जातो, हातोड्याचा घाव लागत नाही, आणि पासष्टीतला माणूसही आपल्याहून मोठा आकार एकट्याने कोरू शकतो. या नमुन्यांवरून रेझिनमध्ये किंवा सिमेंटमध्ये मोठी शिल्पे केली जात आणि त्यांवर काळ्या रेषा रंगवल्या जात, त्यामुळे चित्र आणि शिल्प यांमधली सीमाच पुसली गेली. पॅरिसजवळची ‘क्लोझरी फालबाला’ ही चालत फिरता येईल एवढी विस्तीर्ण रचना याच पद्धतीची परिणती आहे.

नेकचंद सैनी (१९२४–२०१५) यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. फाळणीत गाव सोडून आलेले नेकचंद चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे राहत होते आणि त्यासाठी जुनी गावे पाडली जात होती. रस्ते निरीक्षकाला भराव, निचरा आणि सिमेंट कळते. कोणता राडारोडा कोठे पडला आहे हेही त्याला ठाऊक असते. कचऱ्यात गेलेली ही गावे आणि शहराचे भंगार सायकलवरून वाहून आणून नेकचंदांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सुखना तलावाजवळच्या, बांधकामाला मनाई असलेल्या जंगलात गुपचूप मूर्ती उभारण्यास आरंभ केला.

या मूर्तींची घडण तपासली की त्यांतला बांधकाम खात्याचा अनुभव लगेच ओळखू येतो. आतला सांगाडा, ज्याला शिल्पकार आर्मेचर म्हणतात, सायकलच्या टाकाऊ भागांचा आहे : नळीच्या फ्रेमचे धड किंवा पाय होतात आणि सीटचे जनावराचे डोके. त्यावर सिमेंटचा थर चढवून वरची कातडी ओल्या थरात दाबलेल्या तुकड्यांनी साधली जाते : फुटक्या कपबश्या, भट्टीतली मळी, विजेच्या सामानातली चिनीमाती, आणि काही बायकांच्या मूर्तींवर फुटक्या काचेच्या बांगड्यांचे लाल-हिरवे पट्टे. चेहरे मात्र घोटून गुळगुळीत ठेवलेले असतात. अशा शेकडो मूर्ती ओळीने उभ्या केल्यावर प्रत्येकीच्या किंचित वेगळ्या चेहऱ्यामुळे त्या गर्दीसारख्या न दिसता एखाद्या गावासारख्या दिसतात. शहरासाठी जी गावे गेली, त्यांच्याच ढिगाऱ्यातून पुन्हा वस्ती उभी राहिली आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी हे बेकायदा काम उघडकीस आले तेव्हा ते सुमारे १२ एकरांत पसरले होते. ते पाडण्याऐवजी प्रशासनाने १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांना खुले केले, नेकचंदांना त्याच कामावर पगारी नेमले आणि हाताखाली मजूर दिले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पाहणाऱ्याची जबाबदारी

यांतील अनेक उदाहरणांत आणखी एक समान दुवा आहे. कोणीतरी एकजण काम पाहायला आला आणि त्याने ते गांभीर्याने घेतले. ओकाम्पो नसत्या तर रवींद्रनाथांचे पॅरिसमधले प्रदर्शन त्या वर्षी उभे राहिले नसते. भास्कर कुलकर्णी गावांत गेले नसते तर जगदंबा देवींचे चित्र सारवणाखालीच गेले असते. चंदीगडचे मुख्य वास्तुरचनाकार एम. एन. शर्मा यांनी नेकचंदांची पाठराखण केली नसती तर बुलडोझर फिरला असता. आणि हूसिक फॉल्स या गावातल्या औषधाच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेली ग्रँडमा मोझेस यांची चित्रे १९३८ मध्ये लुई काल्डोर या संग्राहकाने पाहून विकत घेतली नसती, तर ती तेथेच धूळ खात राहिली असती.

पाहणाऱ्याच्या नजरेत धोकाही असतो. द्यूब्यूफे यांनी १९४५ पासून कलासंस्थांबाहेरच्या, अशिक्षित मानल्या गेलेल्या निर्मात्यांच्या कामाचा संग्रह केला आणि त्याला ‘आर ब्र्यूत’, म्हणजे कच्ची, असंस्कारित कला, असे नाव दिले. या नावाने अनेकांना मान मिळवून दिला, पण त्याच नावामुळे त्यांचे काम मुख्य दालनाऐवजी वेगळ्या कोपऱ्यात मांडण्याची सवयही लागली. उशिरा आरंभ करणाऱ्यांना ‘निरागस’, ‘स्वयंभू’, ‘हौशी’ म्हणण्यात आपण त्यांचे कौतुक करतो असे वाटते. प्रत्यक्षात आधीच्या कामात त्यांनी घेतलेली मेहनत आपण नाकारत असतो. नेकचंदांना सिमेंटची ओल कळत होती, जगदंबा देवींना न पुसता रेघ ओढता येत होती आणि रवींद्रनाथांना लयीचे भान होते. हे ज्ञान असंस्कारित नव्हते. ते दुसऱ्या ठिकाणी संस्कारित झालेले होते.

महाराष्ट्रासाठी यातून काय घ्यावे

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यानंतर अनेकांच्या पदरी धडधाकटपणाची बरीच वर्षे उरतात. त्यांच्यापैकी जे चित्र किंवा शिल्प यांकडे वळू पाहतात, त्यांना बहुतेक ठिकाणी पुन्हा शाळकरी क्रमानेच शिकवले जाते : आधी शंकू-गोल, मग छायाभेद, मग एखाद्या छापील निसर्गचित्राची नक्कल. या क्रमात गैर काहीच नाही, पण तो कोवळ्या वयासाठी आखलेला आहे आणि त्यात शिकणाऱ्याच्या मागच्या चाळीस वर्षांना जागाच नाही. आरेखकाने आयुष्यभर टी-स्क्वेअर धरून नकाशे काढलेले असतात, परिचारिकेच्या बोटांना शरीराची ठेवण ठाऊक असते, गवंड्याला ओळंबा धरता धरता तोल कळलेला असतो, आणि गोधडी शिवणाऱ्या बाईला तुकड्यांतून रंगांची सांगड घालणे शिकवावे लागत नाही. या माणसांना रबर चालवत बसवणे म्हणजे रवींद्रनाथांना १९०० च्या चित्रवहीतच अडकवून ठेवण्यासारखे आहे.

या मार्गाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. उशिरा आरंभ करणाऱ्याला वर्षे मोजकी मिळतात, बळ कमी होत जाते, आणि आरंभ करणाऱ्या अनेकांचे काम घरापलीकडे जाणार नाही. तरुण वयात मिळणारा मोठा रियाज आणि समवयस्कांची साथ यांची भरपाई कोणत्याही अनुभवाने पूर्णपणे होत नाही. तरीही ज्या कलावंतांचा येथे विचार केला, त्यांनी कलाविद्यालयांतून येऊ न शकणारे काही निश्चितपणे कलेत आणले : हस्तलिखिताच्या पानातून निघालेली चित्रभाषा, कोहबराच्या भिंतीची रेघ, बाटिक आणि भरतकामातून आलेला रंग, ढिगाऱ्यातून उभे राहिलेले गाव. आपल्या कलावर्गांनी, सांस्कृतिक केंद्रांनी आणि प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट मनावर घेतली, तर दाराशी आलेल्या साठीच्या माणसाला ‘तुम्हाला चित्र काढता येते का?’ असे विचारण्याऐवजी ‘आजवर तुमच्या हातांनी काय केले?’ असे विचारले जाईल आणि त्याचे शिक्षण त्या उत्तरापासून सुरू होईल.